स्तनात दुग्धनलिका किती? एका आकड्याचा माग आणि कॅन्सर शोधण्याचा इतिहास



गेल्या वर्षी मी सिनॉप्सिसचा पहिला मसुदा सरांना दाखवला. मॅमोग्राफीच्या प्रतिमांमधली स्तनाची घनता संगणकाने मोजायची, असा माझा विषय. प्रास्ताविकात स्तनाच्या रचनेवर एक परिच्छेद हवाच, म्हणून मी बिनधास्त लिहून टाकलं होतं की मानवी स्तनात १५ ते २० दुग्धखंड असतात आणि प्रत्येकाची एक नलिका स्तनाग्रावर उघडते. सरांनी पेन्सिलीने त्या आकड्याभोवती गोल काढला आणि समासात दोनच शब्द लिहिले: "कुणी मोजल्या?"

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्याकडच्या पाठ्यपुस्तकात संदर्भ बघायचा आणि टाकायचा. पण त्या पुस्तकात संदर्भ होता दुसऱ्या पुस्तकाचा, त्यात तिसऱ्याचा. आकडा सगळीकडे तोच, मोजणारा कुठेच नाही. या भानगडीत माझे तीन आठवडे गेले. पण त्या तीन आठवड्यांत मला माझ्याच विषयाचा जो इतिहास कळला, तो कोर्सवर्कमध्ये कुणी शिकवला नव्हता. म्हणून आजची ही पोस्ट. तुम्ही नेट-सेट करून पीएचडीच्या तयारीत असाल, तर विषय वेगळा असला तरी ही गोष्ट उपयोगी पडेल.

मेण भरलेल्या नलिका

माग काढत गेलं की शेवटी गाडी एका नावाशी थांबते: सर अ‍ॅस्टली कूपर. लंडनच्या गाय्‌ज हॉस्पिटलचे शल्यचिकित्सक, जन्म १७६८, मृत्यू १८४१. मरणाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८४० मध्ये, त्यांचा स्तनाच्या रचनेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मृत स्त्रियांच्या स्तनांतल्या दुग्धनलिकांमध्ये ते स्तनाग्राच्या बाजूने रंगीत मेण भरत. मेण थिजलं की आजूबाजूची ऊती काढून टाकायची, मग नलिकांचं झाड उघडं पडायचं. त्यावरून चित्रं काढली गेली आणि ती इतकी देखणी होती की पुढच्या दीडशे वर्षांच्या पुस्तकांतल्या आकृत्यांवर त्यांची छाप राहिली.

स्तनातली ग्रंथी आणि वरची त्वचा यांना बांधून ठेवणारे तंतुमय पट्टेही कूपरनी नीट दाखवले. आजही त्यांना 'कूपरचे लिगामेंट' म्हणतात. परीक्षेत आपण हे नाव घोकतो, पण त्याचा अर्थ दवाखान्यात कळतो. गाठ या पट्ट्यांपर्यंत पसरली की पट्टे आखडतात आणि त्वचा आत ओढली जाते, खळी पडते. म्हणून डॉक्टर बाईंना हात वर करायला किंवा कमरेवर दाबायला सांगतात. आत काय ओढलं जातंय ते बाहेर दिसावं, हा त्यामागचा हेतू. १८४० सालची रचना, आजची तपासणी.

इथे एक गोष्ट गाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. हे मृतदेह आले कुठून? त्या काळात लंडनमध्ये कबरी उकरून प्रेतं विकणाऱ्या टोळ्या होत्या आणि शरीरशास्त्राच्या शाळा त्यांच्या गिऱ्हाईक होत्या. कूपरही त्यात होते. १८२८ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्यांनी हे लपवलंही नाही. ठरवलं तर कुणाचंही प्रेत मिळवता येतं, अशा अर्थाची साक्ष त्यांनी दिली. १८३२ च्या कायद्याने ही चोरी थांबली, पण त्याऐवजी अनाथालयांत आणि वर्कहाउसमध्ये मेलेल्या, कुणी न नेलेल्या गरिबांचे देह शाळांना मिळू लागले. तेव्हा आपण ज्या आकृत्या कौतुकाने बघतो, त्यांतल्या स्त्रियांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांची नावंही कुठे नाहीत.

मग आकडा किती?

आता मूळ प्रश्न. कूपरनी स्वतः काय मोजलं? स्तनाग्रावर त्यांना जास्तीत जास्त बावीसेक छिद्रं दिसली होती, पण ती सगळी दुग्धनलिकांचीच असतील याची त्यांना खात्री नव्हती. प्रत्यक्ष मेण भरता आलं अशा नलिका फार तर १२, आणि बहुतेक वेळा ७ ते १०. मी हे वाचलं तेव्हा उडालेच. ज्यांच्या नावाशी सगळा वारसा जाऊन मिळतो, त्यांनी १५ ते २० नलिका भरल्याच नव्हत्या!

यानंतर किती वर्षांनी पुन्हा कुणी नीट बघितलं असेल? २००५ साली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डोना रॅमसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावर पाजणाऱ्या २१ स्त्रियांची सोनोग्राफी केली. जिवंत, दूध येत असलेल्या स्तनात त्यांना सरासरी ९ च्या आसपास मुख्य नलिका दिसल्या. शिवाय एरिओलाच्या खाली दूध साठवणाऱ्या फुगीर 'पिशव्या' पुस्तकात दाखवतात ना, त्या सापडल्याच नाहीत. नलिका बारीक होत्या, जेमतेम २ मिलिमीटरच्या, आणि हलक्या दाबानेही मिटणाऱ्या. त्या पिशव्या म्हणजे मेण दाबाने भरल्यावर फुगलेल्या नलिका असाव्यात, असा अर्थ यातून निघतो. पद्धतीने निर्माण केलेली गोष्ट निसर्गाच्या नावावर खपली.

झालं, मी आनंदाने '९' लिहायला घेतलं. पण थांबा. २००४ साली ग्लासगोच्या गोइंग आणि मोफॅट यांनी स्तनाग्राचे आडवे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले होते. त्यांचा मध्यांक होता २७! आता यांतलं खरं कुठलं?

दोन्ही. प्रश्नच वेगळे आहेत. कापात दिसणारी प्रत्येक नलिका मोजली तर संख्या मोठी येते. पण त्यांतल्या कित्येक नलिका इवल्याशा भागाच्या असतात, आणि स्तनाचा मोठा हिस्सा मोजक्याच नलिकांकडे असतो. सोनोग्राफीत दिसतात त्या या मोठ्या, चालू नलिका. मेणाने भरल्या जातात त्याही बहुधा त्याच. म्हणजे 'नलिका किती' हा प्रश्न विचारताना 'नलिका म्हणजे काय आणि ती कशाने बघितली' हे सांगितलं नाही, तर आकड्याला अर्थ नाही. आपल्या सगळ्यांच्या रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये असे किती आकडे पडलेले असतील, विचार करा.

बर्लिनमधले काळे ठिपके

आता तुम्ही म्हणाल, नलिका ९ असोत की २७, कॅन्सरचा काय संबंध? संबंध आहे, पण त्यासाठी आधी क्ष-किरणांकडे जावं लागेल.

१९१३ साली बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनांचे क्ष-किरण फोटो घेतले. तेही थोडेथोडके नव्हे, सुमारे ३००० नमुने. फोटोवर दिसतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, या दोन्हींची ते तुलना करत गेले. गाठ कशी पसरते, काखेतल्या लसिका ग्रंथींकडे कशी जाते, हे त्यांना दिसलं. आणि काही फोटोंत त्यांना बारीक काळे ठिपके दिसले. ते कॅल्शियमचे कण होते. आज मॅमोग्राफीत डॉक्टर भिंगाने जे शोधतात, तेच हे कण. सालोमननी ते नोंदवले, पण त्यांचं निदानातलं महत्त्व तेव्हा कुणाला कळलं नाही.

पुढचं वाचताना मला जरा थांबावं लागलं. सालोमन ज्यू होते. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांची नोकरी गेली, १९३८ मध्ये त्यांना छळछावणीत टाकलं गेलं. तिथून सुटून ते हॉलंडला पळाले आणि युद्धातून वाचले. त्यांची मुलगी शार्लोट, जिची चित्रं आज जगभर प्रसिद्ध आहेत, १९४३ मध्ये आउशवित्झला मारली गेली. संशोधनाचा धागा तुटतो तेव्हा कारण नेहमी शास्त्रातलंच असतं असं नाही.

ते ठिपके पुन्हा चर्चेत आले ते उरुग्वेत. राऊल लेबोर्न यांनी १९५१ साली दाखवलं की स्तनाच्या कॅन्सरच्या बऱ्याच फोटोंत हे कॅल्शियमचे कण दिसतात आणि त्यांच्या रूपावरून साधे कण आणि संशयास्पद कण वेगळे ओळखता येतात. फोटो स्पष्ट यावा म्हणून स्तन दाबून धरण्यावरही त्यांचा भर होता. मॅमोग्राफीत 'दाबतात फार' ही तक्रार आपण घरोघरी ऐकतो, त्यामागचं कारण रचनेतच आहे. स्तनातल्या ऊती एकावर एक पसरलेल्या असतात. दाबल्या नाहीत तर एकीची सावली दुसरीवर पडते आणि गाठ लपते. शिवाय जाडी कमी झाली की किरणांचा डोसही कमी लागतो.

१९६० साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी १००० तपासण्यांचा अनुभव मांडला. कमी व्होल्टेज आणि उद्योगात वापरायची बारीक कणांची फिल्म, एवढ्या बदलाने चित्र सुधारलं. पाठोपाठ फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गच्या शार्ल ग्रो यांनी मॉलिब्डेनमचा अ‍ॅनोड असलेलं खास स्तनासाठीचं यंत्र घडवलं. भौतिकशास्त्राच्या मंडळींसाठी सांगते: मेद आणि ग्रंथी या दोघीही मऊ ऊती. जास्त ऊर्जेच्या किरणांना त्या जवळजवळ सारख्याच वाटतात. मॉलिब्डेनमचे खास किरण १७ ते २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. या टप्प्यात फोटोइलेक्ट्रिक शोषण चांगलंच जाणवतं आणि अणुक्रमांकातला छोटासा फरकही फिल्मवर उमटतो. छातीच्या फोटोचं यंत्र इथे का चालत नाही, याचं उत्तर हे.

१९६३ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ६२ हजार स्त्रियांवर पहिली मोठी यादृच्छिक चाचणी सुरू झाली. मॅमोग्राफी आणि हाताने तपासणी मिळालेल्या गटात कॅन्सरने होणारे मृत्यू पुढे सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाले. तिथून मॅमोग्राफी हे सार्वजनिक आरोग्याचं साधन झालं.

कॅन्सर सुरू कुठे होतो?

पण ठिपके म्हणजे नेमके कुठले ठिपके? ते आतमध्ये कुठे असतात? इथे पुन्हा शरीररचनेकडे यावं लागलं.

पॅथॉलॉजीच्या अहवालात दोन नावं तुम्ही ऐकली असतील: डक्टल कार्सिनोमा आणि लोब्युलर कार्सिनोमा. नावावरून कुणालाही वाटेल की पहिला नलिकेत सुरू होतो, दुसरा खंडिकेत. मलाही तसंच वाटायचं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात सेफ्टन वेलिंग्ज आणि हॅन्ने जेन्सन यांनी हा प्रश्न फार चिकाटीने हाताळला. गाठीभोवतीचा एक तुकडा कापून बघायचा, ही नेहमीची रीत त्यांनी सोडली. अख्ख्या स्तनाचे जाड काप करायचे, रंगवून पारदर्शक करायचे आणि कमी भिंगाखाली सगळंच्या सगळं बघायचं. १९७५ च्या त्यांच्या अ‍ॅटलासमध्ये असे १९६ स्तन तपासलेले आहेत.

त्यातून दिसलं ते असं: नलिकांचं झाड फांद्या फुटत जातं आणि टोकाला द्राक्षाच्या घोसासारख्या खंडिका लागतात. शेवटची बारीक नलिका आणि तिचा घोस मिळून जो एकक होतो, त्याला टर्मिनल डक्ट लोब्युलर युनिट म्हणतात. बहुतेक कॅन्सर याच एककात सुरू होतात, नावात 'डक्टल' असो वा 'लोब्युलर'. पेशी वाढत गेल्या की घोस फुगतो, उलगडतो आणि त्याची शकलं मोठ्या नलिकेसारखी दिसू लागतात. कापात बघणाऱ्याला वाटतं, हे नलिकेतच आहे. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट: पद्धत बदलली आणि जुन्या चित्राचा अर्थ बदलला. गंमत म्हणजे अर्थ बदलला तरी नावं तीच राहिली. आजही अहवालात तीच छापली जातात.

आता ठिपक्यांचा उलगडा होतो. पेशींनी भरलेल्या नलिकेत मधल्या पेशी मरतात, तिथे कॅल्शियम साचतं आणि ते नलिकेच्या आकाराने, रेषेत किंवा फांद्यांसारखं दिसतं. एकाच खंडाच्या दिशेने पसरलेले कण रेडिओलॉजिस्टला जास्त संशयास्पद वाटतात, कारण एका नलिकेच्या झाडातला आजार त्या झाडाच्या आकारातच पसरतो. नलिका किती, कशा फाटे फोडतात आणि कुठली कुठल्या भागाची, हे कळणं म्हणूनच कामाचं आहे. शल्यचिकित्सकाला किती ऊती काढायची हेही त्यावर ठरतं. मात्र या कणांमुळे नलिकेच्या बाहेर न गेलेले, कदाचित पुढे त्रासही न देणारे आजार सापडू लागले, आणि त्यांपैकी कुणावर किती उपचार करावेत हा वाद अजून मिटलेला नाही.

पांढऱ्यावर पांढरं

माझा स्वतःचा विषय इथे सुरू होतो. मॅमोग्राममध्ये मेद काळा दिसतो. ग्रंथी आणि तंतुमय ऊती पांढरी. गाठही पांढरी. मेद जास्त असेल तर गाठ काळोखातल्या दिव्यासारखी उठून दिसते. ग्रंथी दाट असेल तर ती धुक्यात हरवते. तरुण वयात ग्रंथी जास्त असते, पाळी थांबल्यावर खंडिका आक्रसतात आणि जागा मेद घेतो. तेव्हा तेच यंत्र एका वयात बरं चालतं, दुसऱ्या वयात फसतं.

१९७६ मध्ये डेट्रॉइटचे जॉन वुल्फ यांनी मॅमोग्रामचे चार प्रकार पाडले आणि दाट स्तनांत कॅन्सरचा धोकाही जास्त असतो असं मांडलं. आधी लोकांना वाटलं की हा केवळ लपण्याचा परिणाम असेल, पण नंतरच्या अभ्यासांत घनता हा स्वतंत्र धोका म्हणून टिकला. हे ज्ञान तज्ज्ञांकडे होतं, बायकांना मात्र कुणी सांगत नव्हतं. अमेरिकेत कनेटिकटच्या नॅन्सी कॅपेलो यांचा मॅमोग्राम नॉर्मल आला आणि काही आठवड्यांतच, २००४ मध्ये, त्यांना पुढच्या टप्प्याचा कॅन्सर निघाला. तुमचे स्तन दाट आहेत हे आधी का सांगितलं नाही, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. २००९ मध्ये त्यांच्या राज्यात ही माहिती देणं कायद्याने बंधनकारक झालं आणि २०२४ पासून सगळ्या अमेरिकेत.

मागच्या दिवाळीत माझ्या आत्याने तिचा रिपोर्ट मला वाचायला दिला. "नॉर्मल आलंय ना गं?" तिने विचारलं. खाली एका ओळीत 'दाट ऊती' असं होतं. मी तिला सांगितलं, "आत्या, नॉर्मल आहे, पण तुझ्या बाबतीत फोटोत सगळं दिसेलच असं नाही. सोनोग्राफी करायची का ते डॉक्टरांना विचार." तिने विचारलं, आणि सोनोग्राफी झालीही. काही निघालं नाही. पण ती ओळ तिला कुणी वाचून दाखवली नव्हती, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मुंबईतले हात

आपल्याकडे प्रश्न आणखी वेगळा. प्रत्येकीची मॅमोग्राफी करण्याएवढी यंत्रं आणि माणसं नाहीत. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने १९९८ मध्ये साधा प्रश्न विचारला: प्रशिक्षित हात काय करू शकतात? ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया, मुंबईतल्या २० वस्त्या. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार फेऱ्यांत, हाताने स्तन तपासले. उरलेल्यांत कॅन्सरची माहिती देण्यात आली.

हाताने तपासणी म्हणजे शरीररचनाच. ग्रंथी सगळीकडे सारखी नसते. वरच्या बाहेरच्या भागात जास्त असते आणि तिचं एक शेपूट काखेकडे जातं. जवळपास निम्मे कॅन्सर याच भागात सापडतात. लसिकेचा ओघही मुख्यतः काखेकडेच. म्हणून बोटं काखेपर्यंत गेलीच पाहिजेत.

निकाल २०२१ मध्ये आला. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणारे कॅन्सर कमी होते: ३७ टक्के विरुद्ध ४७ टक्के. मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी, पण हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. ५० च्या वरच्या स्त्रियांत मात्र घट जवळपास ३० टक्के आणि ती कसोटीला उतरली. इथे विद्यार्थ्यांनी दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची. फक्त दुसरं सांगितलं तर तो प्रचार होतो, फक्त पहिलं सांगितलं तर हाती लागलेलं फेकून दिल्यासारखं होतं. उपगटाचा निष्कर्ष सावधपणेच घ्यायचा असतो. आणि याच चाचणीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या भागावर मोठा नैतिक वादही झाला: तुलनेसाठी इतक्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का? कूपरच्या काळातला 'विचारलं का?' हा प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा समोर येतो.

शेवटी मी काय लिहिलं

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: नलिकांची संख्या मोजण्याच्या पद्धतीनुसार बदलते, मेण भरून १२ पर्यंत, सोनोग्राफीत सरासरी ९ च्या आसपास, स्तनाग्राच्या कापात मध्यांक २७. सरांनी वाचलं, पेन्सिल बाजूला ठेवली आणि पुढचं पान उलटलं. आमच्या सरांकडून एवढीच शाबासकी मिळते.

तुमच्यासाठी सांगण्यासारखं थोडंच आहे. तुमच्या मसुद्यात जो आकडा सगळ्यांत खात्रीचा वाटतो, तो एकदा मूळ कागदापर्यंत नेऊन बघा. कुणी मोजला, कशाने मोजला आणि कुणाच्या शरीरावर मोजला, हे तीन प्रश्न विचारा. तीन आठवडे जातील, पण ते वाया जाणार नाहीत. आणि घरात कुणाचा मॅमोग्राफीचा रिपोर्ट आला असेल, तर 'नॉर्मल'च्या खालची ओळही वाचा. ती डॉक्टरांसमोर ठेवा.

पुढच्या पोस्टमध्ये घनता मोजण्याच्या सॉफ्टवेअरची गडबड सांगेन. तोवर, भेटू.